अर्धलीची म्हैस

ठाण्याच्या तुरुंगातून दोन-अडीच वर्षांनी सुटून राघो गोडदेवला परतला तेव्हा गावात भाताची झोडणी चालली होती आणि त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हे त्याला बरंही वाटलं आणि लागलंही. स्टेशनापासून बांधाबांधाने येताना तो मनाशी उत्तरं जुळवत आला होता. कुणी विचारलं तर असं सांगीन, कुणी टोमणा मारला तर तसं ऐकवीन. पण विचारलंच नाही कुणी. खळ्यावरच्या बायांनी पेंढ्या आपटता आपटता मान वर केली, त्याला पाहिलं आणि पुन्हा पेंढ्या आपटायला लागल्या.

घराला बाहेरून कडी होती. शेजारची गोदूबाई पडवीत भात पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या आणून दिला, वाळलास रे म्हणाली, आणि त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं की आनंदी पेणकरपाड्याला नाथाकडे धारेला गेलीय, पोरगीही बरोबर आहे, दोन्ही वेळ जाते, येईलच आता.

नाथाचं नाव ऐकलं आणि राघोने तांब्या तसाच खाली ठेवला.

आता हा नाथा कोण आणि ही धार कुठली, ते सांगायला हवं. गोरेगावला सुखई भैयाचा म्हशींचा तबेला होता. म्हैस आटली की तिला मुंबईत नुसतं बसवून खायला घालणं कुणालाच परवडत नाही. म्हणून तबेलेवाले आपल्या भाकड, गाभण म्हशी भाईंदरकडच्या गावांत पोसायला पाठवायचे. खाडीकाठच्या खाजणात गवत होतं, डबकी होती, माणसांना काम हवं होतं. म्हैस व्यायला झाली की मालक तिला घेऊन जायचा आणि राखणाऱ्याला पोसणावळ द्यायचा. राघो सुखईच्या म्हशी राखायचा. त्यात एक भुरकट रंगाची, लांब पाठीची म्हैस होती. सुखई तिला भूरी म्हणायचा, आणि इतर म्हशींची चौकशी करून झाल्यावर हिची वेगळी करायचा.

नाथा राघोचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी मिळून लोकांचे नारळ उतरवले होते, कोंबड्या उचलल्या होत्या, एकदा तर मिठागराच्या उघाडीच्या, म्हणजे पाणी अडवायच्या दाराच्या, फळ्यासुद्धा काढून नेल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी वाटा सरळ झाला होता. भूरीची कल्पना नाथाची. अवसेच्या उधाणाला म्हैस खाडीच्या चिखलात रुतली आणि भरतीने नेली, असं सुखईला सांगायचं. म्हैस तोवर घोडबंदरला नाथाच्या सासुरवाडीच्या गोठ्यात. पुढे व्याली की अर्धी तुझी, अर्धी माझी.

म्हैस घोडबंदरला पोचली सुद्धा. पण राघोची छाती नाथाएवढी नव्हती. सुखईला तोंड दाखवायला तो आज जाऊ उद्या जाऊ करत राहिला, आणि शेवटी गेला तेव्हा घाबरून सांगून बसला की म्हैस काल बुडाली. सुखईला भरती-ओहोटीतलं काय कळणार. पण जागा बघायला येताना त्याने बरोबर आणलेला हवालदार निघाला उत्तनचा कोळी. त्याने बोटांवर तिथी मोजली आणि तो हसायलाच लागला. काल भांग होता, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती. भांगाच्या पाण्यात त्या खाजणात म्हशीचं खूरही भिजत नाही. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाने अशी थाप मारावी याचंच त्याला हसू येत होतं.

मग राघोला मार बसला. आणि तो बसत असताना नाथा आपणहून पुढे आला. हवालदाराला नमस्कार करून म्हणाला की साहेब, राघोला मी कसायाबरोबर बोलताना बघितलं होतं. आपल्यावर संशय येण्याआधी त्याने दुसऱ्याच्या गळ्यात घंटा बांधली. राघोच्या ओठातून रक्त येत होतं. त्याने एक शब्द काढला असता तर नाथाही आत गेला असता. पण म्हैसही गेली असती. त्याने तोंड मिटून घेतलं ते वाट्यासाठी, आणि तुरुंगात दळण दळताना, सतरंज्या विणताना, खडी फोडताना तो त्या वाट्याच्या आधारावर जगला.

आनंदी आली. एका हाताने पोरीला धरलेलं, दुसऱ्या हातात पितळेची चरवी, वर केळीच्या पानाचा तुकडा. राघोला बघून ती जागच्या जागी थांबली. मग तिने आधी चरवी नीट खाली ठेवली आणि मग डोळ्यांना पदर लावला. राघोने हा क्रम मनात टिपून ठेवला. आधी चरवी, मग आपण.

ते लाल मिलोचे दिवस होते. रेशनवर तांबडी ज्वारी मिळायची, ती शिजली तरी दातांखाली करकरायची आणि पोरं ती गिळताना रडायची. आणि राघोची पोरगी, शालू, गोबऱ्या गालांची झाली होती. आनंदीचे हातही भरले होते. तुरुंगात आपण हाडं मोजत होतो आणि इकडे घर बाळसं धरत होतं, हे बघून बापाला आनंद व्हायला हवा होता. राघोने मात्र पोरीला जवळ घेतलं नाही. आनंदीने त्याच्यापुढे सायीच्या दुधाचा चहा ठेवला.

"कुनाचं दूद ह्ये?" त्याने विचारलं.

"आपल्या म्हशीचं. तुमच्या वाट्याचं हाय, प्या."

मग तिने सगळं सांगितलं. त्याला नेल्यावर ती एकटी घोडबंदरला गेली होती. भूरी व्याली होती, पण कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. नाथाच्या बायकोच्या, सुगंधाच्या, छातीवर लाथ बसली होती आणि घरचे सगळे म्हैस विकायच्या गोष्टी बोलत होते. पण खाजणात असताना भूरीला रोज पेज पाजायची ती आनंदीच. ती कासेखाली बसली, म्हशीने तिचा खांदा हुंगला आणि पान्हा सोडला. धार काढून होईपर्यंत आनंदी नाथाशी एक शब्द बोलली नाही. भांडं भरल्यावर म्हणाली, ही अर्धलीची म्हैस. सकाळचं दूध तुझं, संध्याकाळचं माझं. धारा दोन्ही वेळच्या मी काढीन. पटत नसेल तर हवालदाराचं घर मला ठाऊक आहे. पुढे गवगवा निवल्यावर नाथाने म्हैस पेणकरपाड्याला आणली. शिंगांची टोकं तासली, नाव चांदी ठेवलं. गावाला सगळं कळत होतं, पण रतीब गावालाच जात असल्यामुळे गावाची वाचा बसली होती.

दुसरा एखादा असता तर त्याने तिचे पाय धरले असते. पण मनात एकदा मत्सर शिरला की बायकोची हुशारीही बदफैली दिसू लागते. त्याला एवढंच आठवलं की नाथा म्हणजे उष्ट्या हाताने कावळा न हाकणारा माणूस. तो रोज एका वेळचं दूध देतो, ते काय नुसत्या हवालदाराच्या भीतीने? त्याने चहा पोरीकडे सरकवला. पोट बिघडलंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पेणकरपाड्याला गेला. नाथाने घर शाकारलं होतं, पडवीला नवा कूड घातला होता, गोठ्याची जमीन फरशी टाकून पक्की केली होती. तिथे भूरी उभी होती. काळ्यापेक्षा मातकटच, पण अंग असं चकचकीत की माशी बसली तर घसरावी. शेजारी वर्षाच्या आतली पारडी. चोरीनंतरचं पहिलं वेत रेडा होता, तो मेला होता. राघोने जवळ जाऊन भूरीच्या पाठीवर हात ठेवला. तिने कातडी थरथरवून तो झटकला.

नाथाने त्याला मिठीच मारली. चटई टाकली, विडी दिली, सुगंधाला हाक मारून पोहे करायला सांगितले. तुझ्याविना करमत नव्हतं म्हणाला. राघोला वाटलं होतं की आपण दिसताच ह्याचं तोंड उतरेल. ते उतरलं नाही, उलट जास्तच गोल झालं. शेवटी राघोनेच विषय काढला आणि काढताना त्याचाच आवाज चिरकला. जणू मागायला आला होता.

"वाटा?" नाथा विडीची राख झटकत म्हणाला. "वाटा तर रोज तुज्या घरी चालत जातो. तुजी बायको त्यो चरवीत नेते. तिना इचार."

"मना म्हशीतला पायजे. न्हायतर ही पारडी दे."

"पारडी पोसनाऱ्याची, राघो. अर्धलीचा कायदाच तसा हाय. तू पोसलीस का? तू तर सरकारचा जेवत व्हतास." नाथा हसला, मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, "पुढलं वेत तुजं. तंवर शेन काढायला ये. घरचाच गोठा हाय."

चोराने चोराला कायदा शिकवावा आणि तो बरोबर असावा, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. अर्धलीत पोसणाऱ्याचा हक्क मोठा, हे राघोला नाकारता येईना. ज्याच्या जिभेने तो तुरुंगात गेला त्याच्याच जिभेवर आता रीत होती.

तेवढ्यात आनंदी आली. नवऱ्याला तिथे बघून तिने नुसती मान हलवली आणि सरळ गोठ्यात गेली. तिथे तिच्या वावरण्यात जराही बुजरेपणा नव्हता. पाण्याची बादली कुठे, तेलाची वाटी कुठे, तिला सगळं ठाऊक. तिने कास धुतली, बोटांना तेल लावलं आणि भूरीच्या पोटाला कपाळ टेकून बसली. बाय माझी, शाणी माझी, असं काहीतरी ती हलक्या आवाजात बोलत होती. म्हशीने डोळे अर्धवट मिटले. चरवीत धारांचा आवाज सुरू झाला, आधी पातळ, मग दाट. राघोच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण म्हशीशी बोलतानाचा तो हलका आवाज तिने त्याच्यासाठी कधी काढला नव्हता. आणि पडवीतून नाथा तिच्याकडे बघत होता. खरं तर तो चरवीकडे बघत होता, दूध किती निघतंय ते. पण राघोला तो आनंदीकडेच बघताना दिसला, आणि तो दुपारभर जळत राहिला.

काम शोधायला तो मिठागरावर गेला. पावसाळ्यात फुगलेल्या कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, पुन्हा तुडवून घट्ट करायचे ते दिवस. मुकादम धर्माजीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला की बाबा, इथं मीठ उघड्यावर पडलेलं असतं. माणसं हसली. राघोही हसला, कारण काम हवं होतं. धर्माजीने त्याला सगळ्यात खालच्या कोंडीवर लावलं, जिथे खारं पाणी सगळ्यात कडक.

माणसं एका ओळीत उभी राहून चिखल तुडवायची. टाच, चवडा, टाच, चवडा. तुरुंगात पाय मऊ झाले होते. पहिल्या दिवशी बोटांच्या बेचक्या फाटल्या, दुसऱ्या दिवशी टाचांना भेगा पडून त्यांत खार शिरला. घरी आल्यावर आनंदी त्यावर लोणी चोळायला बसली, तर त्याने पाय ओढून घेतला. ते लोणीही तिथलंच.

मिठागरावरच्या गड्यांना त्याची खोड काढायला बरं निमित्त मिळालं. राघोला कशाला हवी मजुरी, त्याच्या घरी दुभतं आहे. राघो, नाथाची म्हैस तुझ्या बायकोशिवाय दूध देत नाही म्हणतात, नाथा तरी देतो का? असं काहीबाही. गडी बोलायचे आणि विसरायचे. राघो ते घरी आणायचा आणि जेवणाबरोबर चघळायचा. आनंदीच्या अंगावर नवं लुगडं दिसलं, ते कुठलं? सुगंधाने दिवाळीला दिलेलं. सुगंधाने की नाथाने? आज यायला उशीर का झाला? पारडी सुटून शेतात गेली होती, ती धरली. कुणी कुणी धरली? आनंदी उत्तरं द्यायची. पुढे पुढे देईनाशी झाली, आणि मग तिचं गप्प बसणं त्याला पुराव्यासारखं वाटायला लागलं.

एका संध्याकाळी त्याने तिच्या हातातून चरवी घेतली. आजपासून माझ्या वाट्याची धार मी काढतो म्हणाला. तिने सांगून बघितलं की म्हैस जवळ येऊ देणार नाही. तो म्हणाला, मी तिला खाजणात राखलीय, तू मला म्हैस शिकवू नकोस.

गोठ्यात तो आनंदीसारखाच बसला. कास धुतली, तेल लावलं, बाय माझी म्हणाला. नाथा आणि सुगंधा पडवीत उभे राहून बघत होते. भूरीने आधी पान्हा चोरला. सडं ओढून ओढून राघोच्या मनगटांना कळ लागली, पण चरवीचा तळही झाकला नाही. कपाळावर घाम आला. त्याने पारडी लावून बघितली, ढेप पुढे केली, शेवटी चिडून तिच्या मांडीवर एक चापट मारली. पुढची लाथ त्याला दिसलीच नाही. चरवी भिंतीवर आपटून चेपली आणि राघो शेणात पाठीवर पडला. सुगंधाने तोंडाला पदर लावला. नाथा मोकळेपणी हसला.

"म्हशीना बी कलतंय रं, राघो, घरचा कोन नि पावना कोन," तो म्हणाला, आणि आनंदीला बोलवायला माणूस धाडला.

आनंदी धावत आली. तिने नवऱ्याच्या पाठीवरचं शेण पुसलं, त्याला कुठे लागलं का विचारलं, आणि मग कासेखाली बसली. म्हैस लगेच शांत झाली. राघो कुडाला टेकून ते बघत उभा राहिला. या गोठ्यात जे जे जीव होते त्या प्रत्येकाची इथे काहीतरी जागा होती, पारडीचीसुद्धा. नव्हती ती त्याचीच, आणि ज्याच्यापायी हे सगळं उभं राहिलं तोही तोच.

घरी येताना बांधावर त्याने तिला सांगितलं की उद्यापासून नाथाकडे जायचं नाही.

"का म्हनून?" आनंदी थांबली.

"लोक बोलतात."

"लोक माजी पोर उपाशी व्हती तवा बोलले न्हाईत. तुमी बोला, तुमच्या मनात काय हाय?"

राघोने ते एकदाचं बोलून टाकलं. नाथाचं नाव घेऊन, घाण शब्दात. आनंदी रडली नाही. चेपलेली चरवी तिने या हातातून त्या हातात घेतली.

"चोरी तुमी दोगांनी केली. तुमी तोंड मिटून बसलात, त्यानं उघडलं. दोगांनी बी माजा इचार केला न्हाय. मी जाऊन त्याच्या दारात बसली नि तुमचा वाटा त्याच्या घशातून काडला. रोज काडतंय. तो मना एक वावगा शबूद बोलला असता तर मी म्हशीखाली बसली असती का?" ती चालायला लागली, आणि पाठ फिरवूनच म्हणाली, "मी उद्या जानार."

ती खरं बोलत होती, आणि राघोला ते कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. तिने नाथाशी काही केलं असतं तर नाथाचा गळा धरता आला असता. पण त्याचा वाटा त्याच्याशिवाय आला होता, त्याच्याशिवाय वाटला गेला होता, आणि त्याने तुरुंगात ज्याचे मनोरे रचले ते सगळं एका बाईने पेजेच्या ओंजळीवर मिळवलं होतं. नाथाचं सुख तर त्याला बघवत नव्हतंच. आता आनंदीचं शहाणपणही बघवेना.

सकाळी मिठागरावर न जाता तो गाडीने गोरेगावला गेला.

सुखई भैया थकला होता. तबेल्याच्या दारात खाटेवर बसून तो गवताचे भारे मोजून घेत होता. राघोला ओळखून तो उठलाच. पण राघोने सांगितलेलं ऐकलं आणि पुन्हा खाली बसला. भूरी जिवंत आहे हे ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरले. मग त्याने राघोला बसायला सांगितलं.

"उस टैम बोलता तो जेल नहीं जाता," सुखई म्हणाला. "जेल काट लिया, तब बोलता है। काहे?"

नाथाने मला फसवलं, असं काहीतरी राघो म्हणाला. सुखईने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुखई दोन काठीवाल्या माणसांना घेऊन पेणकरपाड्याला आला. राघो त्यांच्यामागे होता. नाथाचं तोंड उतरलेलं त्याला बघायचं होतं आणि ते बघायला मिळालं. सुखईने अंगणातूनच आवाज दिला, भूरी, आ जा रे. तासलेल्या शिंगांची, चांदी नावाची म्हैस गोठ्यात वळली, दावं ताणलं आणि हंबरली. नाथाला मग काही बोलायला जागाच उरली नाही. त्याने सुखईचे पाय धरले. मी पोसली, मी औषधपाणी केलं, पोसणावळ तरी द्या, असं रडत म्हणाला. सुखई म्हणाला की हवालदाराला आणलं नाही हीच तुझी पोसणावळ. म्हैस आणि पारडी दोन्ही सोडा. अर्धा पाडा कुंपणाशी जमला होता. राघोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पण धारेची वेळ झाली होती. भूरीची कास तटतटली होती, सडांतून थेंब गळत होते आणि ती पाय टाकायला तयार नव्हती. अशी चालवली तर वाटेत कास बसेल म्हणून सुखईने आपल्या माणसाला धार काढायला लावलं. जन्म म्हशींत गेलेला माणूस, पण भूरीने त्याला एक थेंब दिला नाही. मग सुखई स्वतः बसला. तिने मालकाला लाथ मारली नाही, एवढाच मान ठेवला. पान्हा त्यालाही सोडला नाही.

त्याच वेळी आनंदी पोरीला घेऊन कुंपणातून आत आली. तिने काठीवाले बघितले, सुखईला बघितलं, रडणाऱ्या नाथाला बघितलं. शेवटी तिची नजर राघोवर आली आणि तिथे थोडी थांबली. काही विचारायची गरजच नव्हती. ती गोठ्यात गेली, कास धुतली आणि कपाळ टेकून बसली. धारांचा आवाज सुरू झाल्यावर सुखई हसला. कौन है रे ये बेटी, त्याने विचारलं. राघोने पुढे होऊन अभिमानाने सांगितलं की माझी बायको.

सुखईने तिला तिथल्या तिथे विचारलं. म्हैस दुसऱ्याच्या हाताला लागेपर्यंत तबेल्यावर चल. माझी म्हातारी आहे तिथे, दोन्ही वेळचं जेवण, वर पगार. सगळ्यांना वाटलं ती नवऱ्याकडे बघेल. आनंदी भरलेल्या चरवीकडे बघत होती. मग तिने मोडक्या हिंदीत घासाघीस केली. पोरगी बरोबर राहील. राहायला मी माझ्या मावशीकडे, ती गोरेगावलाच दिलीय. आणि पगाराशिवाय रोज पोरीपुरतं दूध. सुखईने सगळं कबूल केलं.

"किती दिस?" राघोने विचारलं.

"म्हशीना ठावं."

"मी बी येतंय. मी म्हशी राखलेल्या हायेत."

सुखईने हे ऐकून हात आडवा केला. राग नव्हता त्याच्या आवाजात. "तुमको नहीं, भैया। तबेला है।"

आनंदीने पदर खोचला, पोरीला कडेवर घेतलं. जाताना ती राघोजवळ थांबली. तांदूळ मडक्यात आहेत, कोंबड्या गोदूबाईकडे सोडा, पायांना तेल लावत जा, असं हळू आवाजात सांगितलं. मग तीच म्हणाली, "तुमचा वाटा चाल्लाय. मना त्याच्यामागं जायाला पायजे."

ती मंडळी बांधावरून स्टेशनच्या बाजूला निघाली. पुढे सुखई, मागे भूरी, तिच्या पाठीवर आनंदीचा हात, शेवटी पारडी आणि काठीवाले. राघो बघत राहिला. आता नाथाचा हेवा करायला काही कारण उरलं नव्हतं, तरी छातीतली आग होती तशीच होती. ती आता म्हशीवर जाऊन बसली होती.

लोक पांगले. सुगंधा घरात जाऊन दार लावून घेत होती. नाथा रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. रडून झालं होतं. त्याने राघोकडे बघितलं आणि कोण सांगायला गेलं होतं ते विचारलंही नाही.

"तुना वाटा पायजे व्हता ना?" तो म्हणाला आणि गोठ्यामागच्या उकिरड्याकडे हनुवटी केली. वर्षभराचं शेण तिथे छातीइतकं साचलं होतं. "त्यो र्‍हायलाय. अर्धा तुजा. ने."

राघो त्याच्या अंगावर थुंकला आणि घरी गेला.

कडी काढून तो आत बसला. मडक्यातले तांदूळ शिजवले, खाल्ले नाहीत. गोदूबाईने विचारलं तर सांगितलं की आनंदी चार दिवसांत येईल. गोदूबाई हूं म्हणाली. त्याच्या डोक्यात मात्र नाथाचा उकिरडा होता, आणि तिथलं शेण थोडंथोडकं नव्हतं. कुजलेलं, काळं, भुसभुशीत खत. भाजीवाले सोन्यासारखं उचलतात. तो नाथा आज-उद्या गाडी लावून सगळं विकून मोकळा होईल आणि पुन्हा विडी ओढत बसेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि राघोला एका जागी बसवेना.

दिवस वर यायला तो टोपली आणि फावडं घेऊन पेणकरपाड्याला हजर होता. नाथा काही बोलला नाही. राघोने काठीने उकिरड्यावर मधोमध रेघ ओढली. फाटक्या टाचा शेणात रोवून तो आपल्या बाजूचं खत उपसायला लागला. एक टोपली भरली, दुसरी भरली. तिसरीला त्याने मान वर करून बघितलं. नाथाकडची बाजू थोडी उंच वाटत होती. त्याने फावडं खाली ठेवलं, काठी उचलली आणि रेघ चार बोटं पलीकडे सरकवली.